गतकाळच्या पावसाचे साक्षीदार

इतिहासाची साधने म्हटली म्हणजे ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. राजा कोण होता, त्याने कोणास गाव इनाम दिले, कोणत्या लढाईत कोणाचा पाडाव झाला, हे या साधनांवरून कळते. परंतु ज्या वर्षी ते गाव इनाम दिले त्या वर्षी तेथे पाऊस किती पडला होता, हे ताम्रपट सांगत नाही. दुष्काळाचा उल्लेख कधीमधी येतो; तोही बहुधा लोक देशोधडीला लागल्यावर किंवा वसुली तुंबल्यावर. चांगल्या पावसाची नोंद करून ठेवावी असे कोणाला फारसे वाटलेले दिसत नाही. आपल्या देशात पर्जन्यमापकांवर आधारलेली, बहुतेक प्रदेशांना व्यापणारी अखंड नोंद साधारणपणे १८७१ सालापासून मिळते. हवामान खात्याची स्थापना १८७५ सालची. म्हणजे ज्या पावसावर आपली शेती हजारो वर्षे चालत आली, त्याचा आकड्यांतला इतिहास जेमतेम दीडशे वर्षांचा आहे.

ही केवळ विद्वानांच्या कुतूहलाची गोष्ट नाही. महसुली कारभाराशी ज्याचा संबंध आलेला आहे त्याला ‘सरासरी पर्जन्यमान’ हे शब्द पदोपदी भेटतात. तालुक्यात टंचाई जाहीर करावयाची असो, पिकांची पैसेवारी तपासावयाची असो किंवा एखाद्या धरणात पाणी किती साठेल याचा अंदाज बांधावयाचा असो, आधार या सरासरीचाच. पण ही सरासरी कोणत्या वर्षांची? जे या दीडशे वर्षांत घडले नाही ते त्यापूर्वीही घडले नसेल, असे मानण्यास आधार काय? सलग पाच-सहा वर्षे आभाळाने पाठ फिरवली असे पूर्वी कधी झाले होते काय? या प्रश्नांची उत्तरे कागदावर नाहीत. ती शोधण्यासाठी इतिहासकाराला अशा साक्षीदारांकडे जावे लागते की ज्यांना लिहिता-वाचता येत नाही. जळक्या लाकडाचा तुकडा, करपलेला धान्याचा दाणा, तळ्याच्या गाळात रुतलेला परागकण आणि जुन्या झाडाच्या खोडातील वलये हे ते साक्षीदार होत.

हे नाशिवंत पदार्थ हजारो वर्षे टिकतात कसे, ही शंका प्रथम मनात येते. साधे लाकूड जमिनीत कुजते, त्याला वाळवी लागते. पण तेच लाकूड अर्धवट जळून त्याचा कोळसा झाला, की वाळवीला आणि बुरशीला त्यात खाण्याजोगे काही उरत नाही. विशेष असे की, जळतानाही लाकडाची आतील रचना बहुतांशी कायम राहते. तो तुकडा आडवा मोडून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर खोडातून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका, त्यांची मांडणी, मधले पडदे हे सारे दिसते. देवदारासारख्या सूचिपर्णी वृक्षात अशा मोठ्या नलिका नसतातच. शिसवीत त्या ठळक असतात. त्यामुळे तज्ज्ञाला नखाएवढ्या कोळशावरूनही झाड कोणत्या जातीचे होते हे पुष्कळदा सांगता येते. धान्याचे दाणे असेच चुलीत किंवा आगीत करपून टिकतात. परागकणाची गोष्ट आणखी निराळी. त्याचे बाह्य कवच इतके चिवट असते की, प्रयोगशाळेत गाळ तीव्र आम्लात विरघळवून टाकला तरी परागकण शाबूत राहतो. तळ्याच्या तळाशी, जेथे हवा पोचत नाही अशा चिखलात, तो सहस्रावधी वर्षे जसाच्या तसा पडून असतो.

झाड ओळखता आले, झाडाला किती पाणी लागते हे ठाऊक असले, म्हणजे त्या काळी पाऊस किती पडत होता हे सांगता येईल, असे सहजच वाटते. पण या दोन टोकांच्या मध्ये एक मोठी दरी आहे. ती किती मोठी आहे हे पाहावयाचे तर सिंधू संस्कृतीच्या पावसाविषयी झालेल्या वादाइतके चांगले उदाहरण नाही.

मोहेंजोदडो आज ज्या प्रदेशात उभे आहे तेथे वर्षाकाठी सरासरीने चार-पाच इंचांच्या आसपास पाऊस पडतो. अशा रखरखीत मुलखात एवढे मोठे नगर कसे उभे राहिले, हा प्रश्न उत्खनन करणाऱ्यांपुढे पहिल्यापासून होता. सर जॉन मार्शल यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या बृहद्ग्रंथात याचे उत्तर दिले, ते असे की त्या काळी तेथे पाऊस आजच्यापेक्षा पुष्कळ अधिक पडत असला पाहिजे. त्यांचे आधार सहज पटण्यासारखे होते. घरे भाजलेल्या विटांची आहेत. पाऊस नसता तर उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा पुरल्या असत्या. गटारांची व्यवस्था उत्कृष्ट आहे. मुद्रांवर वाघ, हत्ती, गेंडा हे दाट झाडीत व पाणथळ जागी राहणारे प्राणी आहेत, सिंह नाही. शिवाय एवढ्या विटा भाजण्यास लागणारे सरपण म्हणजे जवळपास जंगल असलेच पाहिजे. बलुचिस्तानच्या डोंगरांत ऑरेल स्टाइन यांना दगडी बांधांचे अवशेष आढळले होते. आज तेथे अडवण्याजोगे पाणी वाहत नाही, तेव्हा पूर्वी वाहत असावे, असा निष्कर्ष त्यांतूनही निघाला. पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून हेच मत मांडले जात असे.

१९६१ साली रॉबर्ट रेक्स हे जलतज्ज्ञ आणि रॉबर्ट डायसन हे पुरातत्त्वज्ञ यांनी मिळून या मतावर झोड उठवली. त्यांची पद्धत एखाद्या हुशार वकिलाच्या उलटतपासणीसारखी होती. गटारे पावसाची असतीलच असे नाही. ती न्हाणीघरांच्या सांडपाण्याची आहेत. वाघ आणि गेंडा यांना पाऊस लागत नाही, त्यांना नदीकाठचे गवत व झाडी पुरते. आणि सिंधूच्या काठी ती झाडी पाऊस नसतानाही नदीच्या पाण्यावर वाढत असे. विटा भाजण्याचे सरपणही त्याच काठावरच्या काही शे एकर झाडीतून मिळू शकले असते. बांधाविषयीचा त्यांचा मुद्दा तर मार्मिक आहे. बांध हे पाणी विपुल असल्याचे चिन्ह मानावे की दुर्मिळ असल्याचे? ज्याच्या दारात बारमाही पाणी वाहते तो बांध घालण्याच्या खटपटीत कशाला पडेल? सारांश, जे पुरावे पावसाचे म्हणून पुढे आले होते त्यांतले बहुतेक नदीचे किंवा मनुष्याच्या उद्योगाचे पुरावे ठरले.

हडप्प्याच्या लाकडांनी हीच गोष्ट अधिक स्पष्ट करून दाखवली. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ साली तेथे उत्खनन केले. त्यात मिळालेल्या लाकडांचा अभ्यास के. ए. चौधुरी व एस. एस. घोष या काष्ठतज्ज्ञांनी केला आणि तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यांना देवदार, शिसवी, एल्म आणि बोर या झाडांची लाकडे ओळखता आली. दफनभूमीत सापडलेल्या एका शवपेटिकेत शिसवी आणि देवदार या दोहोंचा वापर झालेला होता. आता देवदार हा पश्चिम हिमालयात पाच-सहा हजार फुटांच्या वर वाढणारा वृक्ष. शिसवी ही आपल्या सह्याद्रीच्या आणि मध्य भारताच्या रानांतली. ही झाडे हडप्प्याच्या वेशीवर उगवत होती असे कोणी मानले, तर पंजाबच्या त्या मैदानावर एकाच वेळी हिमालयाची थंडी आणि सह्याद्रीचा पाऊस आणून बसवावा लागेल! खरा अर्थ इतकाच की, देवदाराचे ओंडके नदीच्या प्रवाहातून खाली आले आणि शिसवी दूरच्या प्रदेशातून व्यापाराने आली. मृताला चांगल्या लाकडाची पेटी मिळावी असे त्याच्या आप्तांना वाटले. या इच्छेचा व ती पुरी करण्याच्या ऐपतीचा तो पुरावा आहे. पावसाविषयी ती पेटी काहीच बोलत नाही.

यावरून लाकडाच्या साक्षीविषयी एक नियम हाती येतो. तुळया, दरवाजे, पेट्या यांचे लाकूड माणूस निवडून आणतो; त्यासाठी तो शंभर कोस जाईल. पण रोजच्या चुलीत घालण्यासाठी काटक्या आणावयास कोणी शंभर कोस जात नाही. म्हणून घरोघरच्या राखेत पसरलेले कोळशाचे बारीक तुकडे जवळपासच्या झाडीविषयी अधिक भरवशाने बोलतात. सिंधू संस्कृतीच्या स्थळी असे जे कोळसे मिळतात त्यांत झाऊ, बाभूळ, शमी, बोर अशी काटक मंडळीच पुष्कळ आहेत. तथापि येथेही सावध राहावे लागते. झाऊ नदीच्या ओलाव्यावर वाढतो. त्याला आभाळाशी फारसे कर्तव्य नसते. गहू आणि जव यांचे दाणेही असेच. ही पिके हिवाळ्यात, पूर ओसरल्यावर राहिलेल्या ओलीवर येत असत. अलीकडे दाण्यातील कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण मोजून त्या रोपाला पाण्याची तहान लागली होती की नाही हे ओळखण्याची पद्धत निघाली आहे. ती उपयुक्त आहे. पण ते पाणी मेघांनी दिले की शेतकऱ्याने पाटाने दिले, हे दाण्याला सांगता येत नाही.

मग ज्याला कोणी निवडले नाही, कोणी वाहून आणले नाही, असा साक्षीदार कोणता? तो म्हणजे पराग. वाऱ्याबरोबर उडालेला पराग तळ्यात पडतो, बुडतो आणि गाळाच्या थराखाली गाडला जातो. दरवर्षी नवा थर साचतो. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेत काम केलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेलेले डॉ. गुरदीप सिंग यांनी राजस्थानातील सांभर, डिडवाना आणि लुणकरणसर या खाऱ्या सरोवरांच्या गाळातील परागकण थराथराने मोजले. ज्या थरांत लव्हाळे, पाणकणीस यांसारख्या गोड्या पाण्याकाठच्या वनस्पतींचे पराग विपुल आहेत तो काळ ओला. जेथे ते कमी होतात आणि क्षारपड जमिनीतील वनस्पती वाढतात तो काळ कोरडा. १९७१ साली त्यांनी आपले अनुमान मांडले. इसवी सनापूर्वी सुमारे ३००० ते १८०० या काळात राजस्थानात पाऊस चांगला होता आणि त्यानंतर तो कमी झाला. सिंधू संस्कृतीचा उदय आणि अस्त याच कालमर्यादेत बसतो. मार्शल यांचे मत आता नव्या आणि भक्कम पुराव्यानिशी परत आले, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

परंतु साक्ष खरी असली तरी तिची तारीख बरोबर लावावी लागते. गाळाचे वय किरणोत्सारी कार्बनवरून काढतात आणि त्या पद्धतीने येणारी वर्षे व पंचांगाची वर्षे यांत प्राचीन काळी काही शतकांचे अंतर पडते, हे पुढे निश्चित झाले. लुणकरणसरच्या गाळाचा नव्याने अभ्यास होऊन १९९९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे ते सरोवर आजपासून सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीच आटले होते. मोहेंजोदडो व हडप्पा यांचा ऐन भराचा काळ त्यानंतर सुमारे हजार वर्षांनी सुरू होतो. म्हणजे पावसाने नगरे उभारली, हे म्हणणे पुन्हा अडचणीत आले. सरोवर कोरडे पडल्यावर हजार वर्षांनी, आजच्यासारख्याच रुक्ष हवेत, नदीच्या भरवशावर ही नगरे उभी राहिली असावीत.

नगरांच्या ऱ्हासाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे. हरियाणातील कोटला दहर येथील जुन्या तळ्यात मिळालेल्या शंखांवरून २०१४ साली असे दाखवण्यात आले की, सुमारे चार हजार शंभर वर्षांपूर्वी मोसमी पाऊस एकाएकी मंदावला. मेघालयातील एका गुहेतील चुनखडीच्या थरांतही याच सुमाराची खूण सापडते. तिच्यावरून भूशास्त्रज्ञांनी २०१८ साली पृथ्वीच्या अगदी अलीकडच्या कालखंडाला मेघालयाचेच नाव दिले आहे. तेव्हा पावसाने हात आखडता घेतला हे मानण्यास जागा आहे. पण त्या वेळी माणसांनी काय केले? हे मात्र शंख किंवा चुनखडी सांगणार नाही. तेथे पुन्हा करपलेला दाणाच कामी येतो. कच्छमधील खिरसरा या स्थळी मिळालेल्या धान्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, आरंभी जवावर भर देणारे शेतकरी पुढे थोड्या पाण्यावर येणाऱ्या बारीक भरडधान्यांकडे वळले. वस्ती लगेच उजाड झाली नाही. तिची श्रीमंती ओसरली, पण लोक पीक बदलून राहत होते. पूर्वेकडे तर लहान खेड्यांची संख्या वाढलेली दिसते. नगर नाहीसे झाले आणि शेतकरी उरला. पाऊस कमी झाला म्हणून संस्कृती बुडाली, असे एका वाक्यात सांगणाऱ्याने या दाण्यांकडे दुर्लक्ष केले, असेच म्हणावे लागेल.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात मोहेंजोदडोवर दहा-अकरा दिवसांत सातशे मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि पाच हजार वर्षे जपलेल्या भिंती ढासळू लागल्या. चार-पाच इंच सरासरीच्या गावी अठ्ठावीस-तीस इंच पाऊस! परागकणांच्या थरात अशा एका आठवड्याची खूण उमटत नाही. पराग शतकांची साक्ष देतात, वर्षांची नव्हे.

हाच विचार महाराष्ट्राच्या भूमीवर लावून पाहण्यासारखा आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात दीर्घ उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तेथे वस्ती होती. घोडनदीचा हा पट्टा आजही पर्जन्यछायेत मोडतो. तेथील प्राचीन शेतकऱ्यांचे मुख्य पीक जव. त्याच्या जोडीला गहू, मसूर यांसारखी धान्ये. शिवाय बोरासारखी रानातली फळे. मधल्या काळात त्यांनी नदीच्या बाजूने बांध घालून पाट काढला होता. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास मात्र प्रशस्त चौकोनी घरे जाऊन त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात आणि शेतीपेक्षा गुराढोरांवर भर पडतो. उत्खननाचे एक प्रमुख डॉ. म. के. ढवळीकर यांनी याचे कारण पर्जन्यमान घटणे हे मानले. अनुमान समंजस आहे आणि घोडनदीचे पाणी पाहिलेल्या कोणालाही ते पटेल. पुढे काही अभ्यासकांनी मात्र असा प्रश्न केला की, गोल झोपडी ही गरिबीची खूण समजावी की ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या लोकांच्या सोयीची? सिंधूकाठच्या बांधाचाच हा प्रश्न येथे घोडनदीच्या काठी निराळ्या रूपात उभा राहतो.

वर्षावर्षाचा हिशेब ठेवणारा साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे उभे झाड. ज्या प्रदेशात वर्षातून एकदा वाढ थांबते तेथे खोडात दरवर्षी एक वलय पडते. पाणी भरपूर मिळाले तर ते रुंद, नाही तर अरुंद. अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही विद्या उभारली. हयात झाडांची वलये जुन्या घरांच्या तुळयांतील वलयांशी जुळवीत ते मागे मागे गेले आणि १९२९ साली सापडलेल्या एका जळक्या तुळईने त्यांच्या मालिकेतील शेवटची फट बुजवली. १२७६ ते १२९९ या काळात तेथे मोठे अवर्षण पडले होते, हे त्या तुळयांनी दाखवले.

आपल्याकडे उष्ण प्रदेशातील पुष्कळ झाडांत वलये नीट पडत नाहीत. पण आपला साग त्याला अपवाद आहे. पानझडीच्या काळात त्याची वाढ थांबते आणि वलय स्पष्ट उमटते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी ठाणे जिल्ह्यातील सागापासून आरंभ करून हे काम पुढे नेले. केरळातील जुन्या सागांवरून त्यांनी १४८१ पासून ५२३ वर्षांची अखंड मालिका तयार केली. त्यात अवर्षणाची वर्षे आणि प्रशांत महासागरात पाणी तापण्याची, ज्याला एल निनो म्हणतात ती, वर्षे यांचा मेळ दिसून आला. पुढे सबंध मोसमी आशियातील तीनशेहून अधिक ठिकाणच्या वृक्षवलयांवरून एक अवर्षणाचा नकाशासंग्रह तयार झाला आणि तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात आशियाची चार महाअवर्षणे ठळकपणे उठून दिसतात : १६३८ ते १६४१, १७५६ ते १७६८, १७९० ते १७९६ आणि १८७६ ते १८७८. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. होय, आभाळाने सलग पाच-सहा वर्षेच नव्हे, तर त्याहूनही अधिक काळ पाठ फिरवल्याचे पूर्वी घडलेले आहे. आणि आपली दीडशे वर्षांची सरासरी सुरू होते ती यांतील तीन अवर्षणे होऊन गेल्यानंतर.

या चारांपैकी शेवटची दोन आपल्या प्रांताच्या स्मरणातली आहेत. १७९१-९२ सालचा दुष्काळ दख्खनमध्ये ‘कवटी दुष्काळ’ म्हणून ओळखला गेला. मृतांचे अंत्यसंस्कार करावयास माणूस उरला नव्हता, म्हणून हे नाव. आंध्र किनाऱ्यावरील समलकोट येथे विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्या वर्षांत पावसाची मोजदाद ठेवली होती. तीही तोच तुटवडा दाखवते. झाडाचे वलय, शास्त्रज्ञाची वही आणि लोकांची आठवण यांची अशी एकवाक्यता क्वचितच आढळते.

परंतु १८७६-७८ चा दुष्काळ अधिक विचार करावयास लावतो. पाऊस गेला हे निर्विवाद. वलये तसे सांगतात, पर्जन्यमापकही तसेच सांगतात. त्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यासह देशात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली असे अंदाज आहेत. मात्र त्याच काळात हिंदुस्थानातून धान्याची निर्यात चालू होती. दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणण्यात आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने जागोजागची हकिकत गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळसंहिता निर्माण झाल्या. या निर्यातीचा, त्या एका पौंडाचा किंवा सार्वजनिक सभेच्या अर्जांचा मागमूस कोणत्याही वलयात सापडणार नाही.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९७२-७३ साली महाराष्ट्रात, लागोपाठ नापिकीची वर्षे गेल्यावर, भीषण अवर्षण पडले. त्या वेळी रस्ते, पाझर तलाव, बंडिंग यांची कामे इतक्या मोठ्या प्रमाणावर निघाली की, १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. हाल पुष्कळ झाले. जनावरे गेली, घरे मोडली, कित्येकांनी गाव सोडले. पण शंभर वर्षांपूर्वी माणसे जशी किड्यामुंगीसारखी मेली तसे घडले नाही. त्या अनुभवातूनच रोजगार हमीची योजना आकारास आली आणि १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला. १८७७ साली आणि १९७२ साली सह्याद्रीच्या पूर्वेस वाढणाऱ्या सागाला तहान सारखीच लागली असेल. त्या सावलीत राहणाऱ्या माणसांचे नशीब मात्र सारखे नव्हते.

लाकूड आणि वनस्पतींचे अवशेष यांवरून पावसाचा इतिहास लिहिता येतो, आणि तो लिहिला गेला पाहिजे. मात्र अवर्षण आणि दुष्काळ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अवर्षणाची साक्ष झाड देते. दुष्काळाची साक्ष बाजारभाव, मजुरीचे दर, सरकारी हुकूम आणि गावोगावचे अर्ज यांतून काढावी लागते. पहिली साक्ष पुरी होऊन दुसरी घेण्यापूर्वीच जो निकाल देतो, तो मेलेल्या माणसांचा दोष ढगांवर टाकून मोकळा होतो. कारभारात असलेल्यांना हा मोह विशेष होतो, कारण आभाळावर खटला चालवता येत नाही.

जाता जाता एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. शे-दोनशे वर्षांचे उभे साग आपल्या रानांत आता फार थोडे राहिले आहेत. जहाजांसाठी, आगगाडीच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी आणि इमारतींसाठी ते केव्हाच कापले गेले. पण त्या जुन्या सागांचा एक साठा अजून आपल्या गावांतून उभा आहे. पेशवाईतले आणि त्यानंतरचे वाडे, देवळांचे सभामंडप यांच्या खांबांत व तुळयांत तो आहे. आज हे वाडे झपाट्याने पाडले जात आहेत आणि त्यांच्या तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत जाऊन चिरल्या जात आहेत. तुळई चिरण्यापूर्वी तिच्या टोकाची चार बोटे जाडीची एक चकती कापून घ्यावी. वाडा कोणत्या गावचा, कोणत्या सालचा, लाकूड कोणत्या रानातून आणल्याची घरात माहिती आहे, एवढे तिच्यावर लिहावे आणि ती जवळच्या महाविद्यालयाकडे किंवा संग्रहालयाकडे द्यावी. हडप्प्याच्या पेटीचा धडा येथे विसरता कामा नये. तुळई जेथे सापडली तेथलाच पाऊस ती सांगेल असे नाही. म्हणूनच रानाचे नाव मोलाचे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते अजून आठवत असेल. ते विचारून ठेवावयास खर्च काहीच नाही, आणि ती पिढी गेल्यावर कितीही खर्च केला तरी ते नाव मिळणार नाही.